पाचवी पत्ती

दंतवैद्याने इंजेक्शन देऊन पाच मिनिटं झाली होती, खालचा ओठ डाव्या बाजूने नाहीसा झाला होता, आणि नेमकं तेव्हा खुर्चीतल्या त्याला कळलं की बाई ओबोवर दुसऱ्याच कुणीतरी केलेली पत्ती वाजवतेय. कपाटावरच्या रेडिओत सकाळच्या मैफलीचं थेट प्रक्षेपण चाललं होतं. व्हायोलिनं हळूहळू मागे सरकली आणि ओबोचा एक लांब सूर उरला. त्या सुराला सुरुवात नव्हती. म्हणजे असणारच, पण कान देऊन ऐकणाऱ्यालाही ती जागा सापडली नसती. आधी शांतता होती आणि मग सूर होता. तो खुर्चीत ताठ झाला. “दुखतंय?” दंतवैद्याने विचारलं. त्याने मान हलवली. “मग हलू नका. वा, काय सूर आहे हो! तुम्ही याच लाइनीत ना? यांना ओळखत असाल.” तोंडात आरसा, नळी आणि कापूस असताना माणूस जेवढं बोलू शकतो तेवढं तो बोलला. “तेच म्हणतो मी,” दंतवैद्य म्हणाला आणि त्याने ड्रिल सुरू केलं. ड्रिलच्या आवाजाखालून तो सूर तसाच पुढे जात राहिला. त्याने मनात मोजलं. अकरा सेकंद. महिन्याच्या सुरुवातीला त्याने बाईला बारा पत्त्या दिल्या होत्या आणि त्या बाराही त्याला तोंडपाठ होत्या. पत्त्यांसाठीचा यंदाचा देवनळ जरा कडक आला होता, त्यामुळे सगळ्या सुराच्या आधी किंचित खाकरायच्या. ही खाकरली नव्हती. रेडिओत टाळ्या सुरू झाल्या तेव्हा दंतवैद्य म्हणाला, “थुंका.”

ओबो म्हणजे सनईच्या जातीचं, काळ्या लाकडाचं, चांदीच्या कळा लावलेलं वाद्य. त्याच्या तोंडाशी देवनळाच्या दोन पातळ पाती पितळेच्या नळीवर समोरासमोर दोऱ्याने बांधलेल्या असतात, ती पत्ती. वादक ती ओठांत धरतो, आणि जे काय व्हायचं ते त्या दोन पातींमधल्या फटीत होतं. पातीचं टोक मिलिमीटरच्या नऊ शतांश जाडीचं. दहा झालं तर सूर घोगरा, आठ झालं तर किरटा. वाद्यवृंदातले लोक त्याला पाठीमागे ‘शतांश’ म्हणायचे. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षं तो बाईच्या पत्त्या करत होता, दरमहा बारा, निळ्या दोऱ्याने बांधलेल्या. ज्या मैफलींबद्दल लोक आपल्या मुलांना सांगतात त्या सगळ्या त्या निळ्या दोऱ्यावर झाल्या होत्या. एका मासिकात बाईच्या वाद्यावर चार पानं आली होती: लाकूड कुठलं, कारागीर कोण, कळा कशा ओतल्या. बाईच्या बोटांचा वेगळा फोटो होता. पत्तीचाही दिसला असता, पण तिच्यावर टोपण होतं. त्याला याचं वाईट वाटत नाही, असं तो म्हणे. खरं म्हणजे त्याने मनात एक खोली करून ठेवली होती आणि तिचं दार लावून तो आत बसायचा. ज्याला जग बाईचा सूर म्हणतं तो मुळात नऊ शतांश देवनळ आहे, आणि तो माझ्या चाकूखालून गेलेला आहे, असं तो तिथे स्वतःला सांगायचा. त्या खोलीत ऊब होती. आज दंतवैद्याच्या जिन्यावरून उतरताना, बधिर ओठाला पुन्हापुन्हा बोट लावून तो अजून आहे का बघताना, त्याला वाटलं की त्या खोलीत कुणीतरी शिरलंय.

बाई आणि तो एकाच मास्तरांकडे शिकले होते. सहा वर्षं शेजारी शेजारी खुर्च्या, मध्ये एकच स्टँड. पहिली तीन वर्षं मास्तर त्यालाच आधी वाजवायला लावायचे. “याचा कान बघ जरा,” असं ते तिला म्हणायचे. चौथ्या वर्षी कधीतरी त्यांनी असं म्हणणं बंद केलं. तिला काही म्हणाले नाहीत, त्यालाही नाही. नुसते गप्प झाले, आणि ते गप्प होणं कशाबद्दल आहे हे त्याला सगळ्यांत आधी कळलं. त्या दिवसापासून तो तिच्या बोटांकडे बघू लागला. जे काही आहे ते बोटांतच असणार अशी त्याची खात्री होती. अनामिका कळेवरून उचलताना ती केसभर उशीर करते, करंगळी कळेवर ठेवत नाही, नुसती टेकवते. घरी येऊन तो तोच उशीर करून बघायचा, तशीच करंगळी टेकवायचा. बोटं तिच्यासारखी हलायची आणि सूर त्याच्यासारखा यायचा. शेवटी मास्तरांनी एक दिवस त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “तुझा हात चाकूवर फार छान आहे.” एवढंच. कौतुक करूनही माणसाला एका खोलीतून उठवून दुसऱ्या खोलीत बसवता येतं, हे त्याला तेव्हा कळलं. त्या काळात तो तिला ‘अगं’ म्हणायचा. त्याचं ‘बाई, तुम्ही’ कुठल्या दिवशी झालं ते आता आठवत नाही, एवढंच आठवतं की तिने “हे काय नवीन?” असं विचारलं नाही. तीही त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागली. मनात मात्र ती अजून ‘ती’च होती, आणि ते ‘ती’ त्याने हट्टाने राखून ठेवलं होतं.

सोळा वर्षांपूर्वीची एक तबकडी होती. मुखपृष्ठावर बाई खिडकीशी उभी. तिला ‘बाई’ केलं ते त्या तबकडीने. दुसऱ्या बाजूला असाच एक लांब सूर होता, अकरा सेकंदांचाच, सुरुवात नसलेला. आपल्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले अकरा सेकंद ते, असं तो समजायचा. नंतर तसा सूर पुन्हा लागला नव्हता. कारण शोधताना त्याने देवनळ बदलून बघितला, चाकू बदलला, खोलीतली आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं. आज तो सूर पुन्हा ऐकला होता. याचा अर्थ सरळ होता: त्याच्या तरुणपणच्या हाताची कुणीतरी नक्कल केली होती, आणि ती त्याच्या आताच्या हातापेक्षा सरस उतरली होती. बायकोवर संशय घेणाऱ्या माणसांबद्दल तो वाचायचा तेव्हा त्याला हसू यायचं. खिसे काय तपासतात, पत्रं काय हुंगतात. आता रस्त्याच्या कडेने चालताना तो हिशेब करत होता की गेल्या महिन्यात बाईने दोनदा फोन का नाही केला, आणि मागच्या वेळी डबा घेताना ती ‘बऱ्या आहेत’ म्हणाली होती की ‘ठीक आहेत’.

घरी पुढच्या खोलीत बायको शिलाई मशीनवर बसली होती. लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देणं हे तिचं काम. आतली खोली त्याची. “अहो, तोंड वाकडं का?”

“बधिर आहे.”

“बरंच झालं. संध्याकाळपर्यंत शांतता.” तिने पाय थांबवला. “काय झालंय?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणतानासुद्धा वाकडंच होतंय.”

त्याने चहा घेतला तो डावीकडून हनुवटीवर आला. आत जाऊन त्याने तयार पत्त्यांमधली एक ओली केली आणि नुसतीच फुंकून बघितली. डाव्या बाजूने ओठ साथ देत नव्हता, हवा गळत होती, आणि रोजची ओळखीची पत्ती भलत्याच आवाजात बोलत होती. वैतागून त्याने ती पुसून ठेवून दिली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पत्तीवाला होता. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत, कारण कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे लावून तो काम करायचा. दुसऱ्या दिवशी चाकूला धार लावायचा दगड बघायला म्हणून तो तिथे गेला. “या या, शतांशराव! वाट चुकलात?” त्याने विषय हळूच बाईंच्या मैफलीकडे वळवला. चष्मेवाला मोठ्याने हसला. “बाईंची पत्ती? गरिबाची चेष्टा करता का? माझ्या पत्त्या शाळेतली पोरं वाजवतात, आणि वाजवण्यापेक्षा चावतातच जास्त. तुमच्या गिऱ्हाइकाकडे बघायची माझी काय टाप!” हे चष्मेवाला इतक्या मोकळेपणाने म्हणाला की त्याला ते पाठ केल्यासारखं वाटलं. बोलता बोलता त्याने भिंतीवरची दोऱ्याची रिळं बघून घेतली. लाल, हिरवं, काळं. घरी येईपर्यंत तो ते तीन रंग मनात घोळवत होता. त्याचा त्यालाच संकोच वाटत होता, पण घोळवणं थांबत नव्हतं.

नव्या पत्त्या द्यायला तो तालमीच्या खोलीत गेला तेव्हा बाईची पेटी टेबलावर उघडीच होती. मखमलीच्या खाचांत अकरा निळे दोरे आणि एक तपकिरी. लाल नाही, हिरवा नाही, काळा नाही. त्याने डोळे तिथून काढले आणि ते परत तिथेच गेले.

“ही?” आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा वर गेला.

“ती होय! अहो, घर बदललं ना, तेव्हा जुन्या डबीत सापडली. एकटीच, न वाजवलेली. सहज ओली करून बघितली आणि...” ती हसली. “परवा रेडिओवर ऐकलंत?”

“नाही. दातांच्या डॉक्टरकडे होतो.”

“अरेरे! तुमचीच पत्ती आणि तुम्हीच नाही ऐकलीत.”

“माझी नाहीये. मी तपकिरी दोरा कधी वापरला नाही.”

“मग कुणाची असणार? बावीस वर्षं मी दुसऱ्या कुणाची वाजवलेली नाही.”

कुणी विचारलेलं नसताना माणूस वर्षं मोजून का सांगतो? तो तिच्या बोटांकडे बघत होता. बोटांनी पत्ती खाचेतून उचलली, एका छोट्या काचेच्या नळीत घातली, टोपण लावलं. अनामिकेने केसभर उशीर केला. “घेऊन जा, पण जिवापाड सांभाळा,” ती म्हणाली. “मापं घ्या. पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग आहे, मला अशा सहा हव्यात. आता दुसरी ओठांना लागतच नाही बघा. आणि नाहीच जमलं तर आधी सांगा, म्हणजे मी इकडेतिकडे विचारीन.” इकडेतिकडे. तिने ते सहज म्हटलं होतं. जिन्यावर, रस्त्यावर, घराच्या कुलपात किल्ली फिरवताना तो शब्द त्याच्याबरोबर होता.

त्याने मापं घेतली. दिव्याखाली, जाडी मोजायच्या डायल गेजच्या सुईखाली, प्रत्येक पातीवर बारा ठिकाणी. उजवी कड नऊ शतांश. डावी कड तेरा. त्याने सुई शून्यावर आणून पुन्हा मोजलं. तेराच. दोन्ही कडांत चार शतांशांचा फरक! शिकाऊ माणसाने असं केलं असतं तर त्याने त्याचा कान उपटला असता. आणि या वाकड्या वस्तूने त्याच्या बावीस वर्षांना मागे टाकलं होतं. त्याच्या सगळ्या वह्या फळीवर ओळीने होत्या, वर्षाला एक. प्रत्येक पत्तीची मापं, देवनळाचं पीक, हवा. बाईचं म्हणणं खरं असेल तर ती कुठेतरी सापडायला हवी होती. त्याने दोन दिवस घालवून सगळ्या चाळल्या. सहाव्या वहीत सहा आठवड्यांची जागा कोरी होती, शिडीवरून पडून उजवं मनगट मोडलं होतं तेव्हाची; ती पानं त्याने उलटली. तेरा शतांश कुठेच नव्हते. म्हणजे बाई खोटं बोलत होती. या निष्कर्षाने त्याला दुःख व्हायला हवं होतं. पण झालं ते समाधान. पायाखाली काहीतरी टणक लागल्यासारखं वाटलं.

मग तो तशी पत्ती करायला बसला. पहिल्या दोन त्याने तंतोतंत केल्या, फक्त डावी कड नीट करून. चूक दिसत असताना ती तशीच ठेवणं त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. झाल्यावर स्वतःवरच चिडून त्याने चूकही उतरवली. चार दिवसांत नऊ झाल्या. सुई प्रत्येकीवर योग्य आकडा दाखवत होती आणि प्रत्येक पत्ती त्याच्या ओठांत घसा बसल्यासारखी बोलत होती. शेवटी त्याने मूळचीच ओली करून फुंकली. तीही बसक्या आवाजात बोलली. रेडिओवर जिला सुरुवात नव्हती तिला त्याच्या तोंडात नुसती सुरुवातच होती, एक फाटकी, थुंकीने भरलेली सुरुवात. पत्तीसुद्धा माणूस बघून वागते, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला चौथ्या वर्षातलं मास्तरांचं गप्प बसणं आठवलं, इतकं स्वच्छ की त्यांच्या खोलीतल्या रॉकेलच्या स्टोव्हचा वासही आला.

बायको चहा घेऊन आली, कप ठेवायला जागा शोधू लागली, आणि दिव्याखाली वाकली. “अगंबाई, ही अजून आहे?”

“हात लावू नकोस. काय आहे?”

“ही पत्ती. माझ्या काजाच्या दोऱ्याची.” तिने कप वहीवर ठेवला. त्याच्या वहीवर कधी कुणी कप ठेवला नव्हता. “तुमचं मनगट मोडलं होतं बघा, तेव्हा मी दहा केल्या होत्या. तुम्ही डाव्या हाताने मापं घेतलीत आणि म्हणालात, कचरा आहे, टाकून दे.”

“मग?”

“मग काय? बाईंची तारीख आली होती. डबीत भरल्या आणि पाठवून दिल्या. तिकडून तक्रार आली नाही. तुम्ही विचारलं नाहीत, मी बोलले नाही.”

“पण ही वाकडी आहे. डावीकडे चार शतांश जास्त.”

“असतील. मी कुठे मोजायला गेले? बाईंचा खालचा ओठ डावीकडे जास्त दाबतो ना, तिकडे अंग नको का थोडं? गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असला तर कोटाला त्या बाजूने अस्तर जास्त घालतोच की आपण. तसंच.”

“तुला कुणी सांगितलं, डावीकडे दाबतो म्हणून?”

“सांगायला कशाला हवं? दिसतं. लग्नानंतर तुम्ही मला पहिल्यांदा त्यांच्या कार्यक्रमाला नेलंत तेव्हाच दिसलं.” तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. “तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही तर सहा वर्षं शेजारी बसायचात.”

सहा वर्षं. तिचा चेहरा आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि त्याला बोटं आठवली. अनामिका, करंगळी, अंगठ्याखालचा तीळ. ओठांच्या जागी काहीच नव्हतं, दंतवैद्याच्या खुर्चीत होतं तसं बधिर. जिथे ती त्याला मागे टाकत होती असं त्याला वाटलं होतं तिथेच तो बघत राहिला होता. तिला काय लागतं हे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. मग हळूहळू, जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरावं तसं, बाकीचं आलं. सहावी वही. सोळा वर्षं. त्याने उठून तबकडी काढली आणि मुखपृष्ठामागची बारीक अक्षरं दिव्याजवळ नेली. रेकॉर्डिंगचा महिना तोच होता. ते अकरा सेकंद वाजले तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मनातल्या ज्या खोलीत तो इतकी वर्षं दार लावून बसला होता तिथे पहिल्यापासून आणखी कुणीतरी होतं, सुईत दोरा ओवत, त्याच्याकडे न बघता. हेवा गेला नाही. तो चष्मेवाल्याच्या दारातून उठला आणि पुढच्या खोलीत, मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसला.

“सहा हव्यात,” तो म्हणाला. “बाईंना.”

“गुरुवारच्या आत तीन कोट द्यायचेत मला,” ती म्हणाली. “बघू.”

तीन दुपारी तिने हातातलं काम बाजूला ठेवून पत्त्या केल्या. त्याचाच चाकू, त्याचाच देवनळ. सोळा वर्षं चाकू हातात धरला नव्हता, तरी हात अडखळला नाही. जुन्या कापडाला कात्री लावावी तशी ती तासत होती, मध्येच पत्ती उजेडात धरून डोळा बारीक करायची आणि गुणगुणायची. गेज तिने मागितलं नाही. ती चहाला उठली की तो चोरून मोजायचा. तिसरी सगळ्यांत छान होती, मूळ पत्तीशी जवळजवळ आकड्याला आकडा जुळणारी. पाचवीची डावी कड चौदा भरली, आणि टोकाशी एक लाटही होती. “पाचवी राहू दे,” तो म्हणाला. “राहू देच,” ती म्हणाली आणि तिने ती डबीत ठेवली. वरचा रंगीत दोरा गुंडाळायचं काम तेवढं उरलं होतं. त्याने निळं रीळ हातात घेतलं, आणि आता ती काही बोलेल म्हणून थांबला. एक शब्द तरी, एक नजर. तिने काहीतरी मागावं असं त्याला फार वाटत होतं, म्हणजे त्याला ते नाकारता किंवा देता आलं असतं.

“निळाच घ्या,” ती म्हणाली. “बाईंना सवय आहे.”

तिला खरंच काही वाटत नव्हतं. कोटाचं अस्तर कुणाला दिसतं? तो दोरा गुंडाळत राहिला. तेरा वेढे घ्यायचे असतात. पहिल्यांदाच त्याचा मोजताना घोळ झाला.

तालमीच्या खोलीत बाईने एकेक करून वाजवल्या. पहिलीला “हं” म्हणाली, दुसरीला काही नाही, तिसरीला भुवई जरा वर गेली. चौथी तिने लगेच काढली. पाचवी लावली आणि ती उभी राहिली. यावेळी तो बोटांकडे बघत नव्हता. खालचा ओठ पत्तीभोवती आला आणि डावीकडे दबला, अगदी जरासा. अठ्ठावीसेक वर्षं कुणाच्याही समोर, उजेडात, लपवाछपवी न करता दबत आलेला. सूर आला. त्याला सुरुवात नव्हती. बाईने डोळे मिटले होते, म्हणून तिला त्याचा चेहरा दिसला नाही.

“हीच,” ती म्हणाली. “रेकॉर्डिंगला हीच. सहावी बघायचीसुद्धा गरज नाही. मी म्हटलं नव्हतं, ती तुमचीच आहे म्हणून?”

बोलायला वेळ होता. भरपूर होता, तिने पत्ती काढली, पुसली, खाचेत ठेवली, टोपणं शोधली. बाहेर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. ओठ दोन्ही बाजूंनी जागेवर होता.

“हो,” तो म्हणाला.

घरी आला तेव्हा बायको मशीनवर होती. त्याने वाकून बुटाची नाडी सोडायला घेतली.

“काय म्हणाल्या?”

“बऱ्या आहेत म्हणाल्या.”

“पाचवीच ठेवून घेतली असेल रेकॉर्डिंगला.” हे विचारणं नव्हतं. हवा गार आहे म्हणावं तसं ती म्हणाली.

नाडीला निरगाठ बसली होती. ती नखाने सैल करता करता तो म्हणाला, “तिसरी.”

मशीन थांबलं. “तिसरी?” तो वाकलेलाच राहिला. पण त्याच्यावर संशय घेण्याचं तिच्या मनात आलंच नव्हतं. ती खरोखर विचार करत होती, कापड कुठे ओढ खातंय ते बघताना करायची तसा.

“मग सर्दी झालेली दिसतेय बाईंना,” ती म्हणाली, आणि तिने दाताने दोरा तोडला.